स्ट्रमिंगचा पॅटर्न नेमका असतो कुठे?

गिटार शिकायला घेतली की पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच स्ट्रमिंगचा, म्हणजे तारांवरून हात खाली-वर फिरवून ठेका वाजवण्याचा, एक मंत्र कानावर पडतो: 'खाली, खाली-वर, वर-खाली-वर'. जिभेवर तो लगेच बसतो. हातात मात्र बसता बसत नाही. तीन-चार वेळा बरा वाजतो, मग मधेच गचका बसतो, हात अडखळतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यात कॉर्ड (डाव्या हाताने तारा दाबून एकत्र वाजवायचा स्वरांचा गट) बदलायची वेळ आली की जे थोडंफार जमलेलं असतं तेही विस्कटतं.

मला या एका पॅटर्नने तीन महिने रखडवलं होतं. पुढे भाचीला शिकवायला बसले, तर तिचाही हात त्याच जागी, अगदी त्याच मात्रेवर अडताना दिसला. तिची स्मरणशक्ती उत्तम आहे. सहा शब्द पाठ करणं तिला अवघड असण्याचं काहीच कारण नव्हतं. तिचा हात जवळून पाहत राहिले तेव्हा मला कळलं, की आम्ही दोघींनीही पॅटर्नला सहा हालचालींची यादी समजलो होतो, आणि तिथेच सगळं चुकलं होतं.

जरा विचार करा. हात एकदा खाली आला आणि तुम्हाला पुन्हा खालचाच स्ट्रोक मारायचा आहे. मग मधल्या वेळात हाताने काय करायचं? त्याला वर यावंच लागतं. वर आल्याशिवाय पुन्हा खाली जाणार कसा? म्हणजे 'खाली, खाली' असं लिहिलेलं असलं तरी हात प्रत्यक्षात 'खाली, वर, खाली' असाच फिरतो. वर येताना तो तारांना लागला की नाही, एवढाच काय तो फरक. सगळं स्ट्रमिंग या एका गोष्टीवर उभं आहे. हात एकसारखा खाली-वर चालू राहतो. तो कधी तारांना लागतो आणि कधी तारांवरून हवेतून निघून जातो, आणि या लागण्या-न लागण्यालाच पॅटर्न म्हणतात.

आधी दिशा आणि खुणा

सहावी तार सगळ्यात जाड, पहिली सगळ्यात बारीक. गिटार मांडीवर घेतली की जाड तार छताच्या बाजूला असते, बारीक जमिनीच्या बाजूला. खालचा स्ट्रोक म्हणजे जाड तारेकडून बारीक तारेकडे, वरचा म्हणजे बारीककडून जाडकडे. तबल्याशी ओळख असलेल्यांनी 'खाली' या शब्दाने गोंधळून जाऊ नये. तालातली 'खाली' वेगळी, इथे खाली म्हणजे निव्वळ जमिनीची दिशा.

कागदावरच्या खुणांनी मात्र भलेभले फसतात. खालच्या स्ट्रोकसाठी तळ उघडा असलेला छोटा चौकोन काढतात, वरच्यासाठी इंग्रजी व्ही. या खुणा व्हायोलिनच्या गजाच्या खुणांवरून आल्या आहेत. व्हीचं टोक खाली असतं, त्यामुळे नवख्याला तो खाली जाणारा बाण वाटतो, पण त्याचा अर्थ 'वर' आहे. टॅबमध्ये, म्हणजे सहा तारांसाठी सहा रेषा आखून लिहिलेल्या गिटारच्या लिपीत, आणखी एक गुंता असतो. तिथे जाड तार सगळ्यात खालच्या रेषेवर लिहितात, म्हणून टॅबमधला वर जाणारा बाण पुष्कळदा जाडकडून बारीककडे, म्हणजेच हाताचा खालचा स्ट्रोक दाखवत असतो. कागद गोंधळात टाकत असेल तर एकच विचारा: सुरुवात जाड तारेपासून आहे की बारीक तारेपासून? स्ट्रोकची दिशा लिहून ठेवण्याची गरज तशी फार जुनी. १७व्या शतकात पाच जोडतारांच्या गिटारसाठी जे संगीत छापलं जाई, त्यात रेषेखाली लोंबणारी छोटी रेघ म्हणजे खाली आणि रेषेवर उभी असलेली म्हणजे वर, अशी पद्धत होती. चारशे वर्षांपूर्वीच्या शिकणाऱ्यालाही हाच प्रश्न पडत होता, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

गिटार बाजूला ठेवून

पहिला धडा गिटारशिवाय. खुर्चीवर बसा आणि ज्या हाताने तारा छेडता तो हात मांडीशेजारी सैल सोडा. आता तो एकसारखा खाली-वर हलवा. खाली येताना बोटं मांडीला हलकेच घासून जाऊ देत, वर जातानाही घासू देत. सोबत तोंडाने मोजा.

मोजायचं कसं, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. चार मात्रांचा एक बार असतो आणि प्रत्येक मात्रेचे दोन भाग करायचे असतात. पुष्कळजण 'एक आणि दोन आणि' असं मोजतात. पण 'आणि' उच्चारायला लांब आहे. लय जरा वाढली की तो पुढच्या आकड्याच्या अंगावर येतो, आणि जीभ अडखळली की हात तिच्या मागोमाग अडखळतो. त्याऐवजी नुसतं 'न' म्हणा: एक न दोन न तीन न चार न. आकड्यावर हात खाली, 'न'वर हात वर. आठ जागा, आठ हालचाली, सगळ्या सारख्या अंतरावर. पायानेही ठेका धरा. आकड्याला पाय जमिनीला टेकेल आणि 'न'ला उचलला जाईल. पाय आणि हात एकत्र खाली, एकत्र वर.

मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र, ६० वर लावा. मिनिटाला ६० ठोके म्हणजे सेकंदाला एक, आणि आठ जागांमधलं अंतर प्रत्येकी अर्ध्या सेकंदाचं. हे फार संथ वाटतं आणि म्हणूनच अवघड असतं, कारण दोन ठोक्यांच्या मधे हाताला थांबायचा मोह होतो. लंबक टोकाशी थबकून उभा राहत नाही, तसा हातही थबकू द्यायचा नाही. लय संथ असेल तर हाताची चाल संथ होईल, पण ती चालू राहील. मेट्रोनोमचं पेटंट १८१५ साली घेतलं गेलं. तेव्हापासून शिकणारे त्याला कंटाळतच आले असतील, पण आपला हात कुठे घाई करतो आणि कुठे रेंगाळतो हे इतक्या स्वच्छपणे सांगणारं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. यंत्र नको असेल तर फोनमध्ये मेट्रोनोमचं ॲप असतं, तेही चालतं.

आता गंमत पाहा. हात तसाच चालू ठेवा, पण 'न'ला मांडीपासून बोटभर दूरून जाऊ द्या. आवाज येईल फक्त एक, दोन, तीन, चार. मग उलट करा: आकड्यांना दूर, 'न'ला घासून. दोन्ही वेळा हाताची चाल तीच आहे, बदललं ते फक्त लागणं. आठ जागा आणि प्रत्येक जागी लागणं किंवा न लागणं असे दोन पर्याय, म्हणजे एका बारमध्ये २५६ शक्यता झाल्या. पॅटर्नच्या लांबलचक याद्या पाठ करत बसू नका असं मी म्हणते ते यासाठी. त्या सगळ्या याद्या या एकाच हालचालीच्या पोटात आहेत.

तारेवर

प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची छोटी चपटी पट्टी, पातळ घ्या, साधारण ०.५ ते ०.७ मिलिमीटर जाडीचं. पातळ प्लेक्ट्रम वाकतं आणि तारांवरून सहज सरकतं. एक मिलिमीटरच्या पुढचं जाड प्लेक्ट्रम तारांत अडकतं आणि नवख्या हाताला गचके देतं. तर्जनीच्या बाजूवर प्लेक्ट्रम ठेवायचं, वरून अंगठा टेकवायचा, आणि टोक अर्धा सेंटिमीटरभर बाहेर ठेवायचं. पकड किती घट्ट हवी? निसटणार नाही इतकीच. करकचून धरलं की मनगट कडक होतं, आणि कडक मनगटाला लय सापडत नाही.

हालचाल कोपरातून आणि मनगटाच्या वळण्यातून एकत्र येते. हात धुतल्यावर पाणी झटकतो तशी ती असते. नुसतं कोपर हलवलं तर स्ट्रोक सुतारकामासारखा ठोकळेबाज होतो, आणि नुसतं मनगट हलवलं तर जोर मिळत नाही. प्लेक्ट्रम तारांच्या अगदी काटकोनात धरू नका. खाली जाताना त्याचं टोक किंचित मागे, वरच्या बाजूला राहू द्या आणि वर येताना किंचित खाली. रंगाचा ब्रश भिंतीवरून फिरवताना त्याचे केस जसे मागे ओढले जातात, तसं. हे जमलं की वरचा स्ट्रोक तारांत अडकायचा थांबतो. माझ्या मते सुरुवातीच्या नव्वद टक्के रडगाण्याचं मूळ या एवढ्या कोनात असतं.

डाव्या हातात ई मायनर धरा. पाचव्या आणि चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांनी पडलेल्या दुसऱ्या घरात) दोन बोटं, बाकी चार तारा मोकळ्या. ही कॉर्ड मी मुद्दाम निवडली आहे, कारण तिच्यात सहाच्या सहा तारा वाजवता येतात, कुठली टाळायची याची चिंता नाही. नाहीतर आधी एकही कॉर्ड नको, डाव्या हाताची बोटं सगळ्या तारांवर हलकीच आडवी टेकवून ठेवा म्हणजे नुसता 'चक् चक्' असा आवाज येईल. लयीचा सराव करायला हा आवाज सगळ्यात प्रामाणिक. सुरावटीचा गोडवा चुका झाकून टाकतो, या कोरड्या आवाजात एक चूकही लपत नाही. मात्र एकच बोट टेकवू नका, दोन-तीन टेकवा. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटजवळ एकच बोट हलकं टेकलं, तर तारा बंद होण्याऐवजी घंटेसारख्या वाजू लागतात.

खालच्या स्ट्रोकने पाच-सहा तारा वाजतील. वरच्या स्ट्रोकने सहाच्या सहा वाजवायचा हट्ट धरू नका. बारीक बाजूच्या तीन-चार तारा पुरतात. हात वर येता येता त्यांना चाटून जातो आणि तारांपासून सुटतो. वरचा स्ट्रोक मुळातच हलका असतो आणि त्याने हलकंच असावं. दोन्ही स्ट्रोक सारख्या जोराचे झाले की शिवणयंत्र चालल्यासारखं ऐकू येतं.

आता क्रमाने. आधी चारही आकड्यांना फक्त खाली. मग आठही जागा: खाली वर, खाली वर, खाली वर, खाली वर. मग पहिली अवघड पायरी:

एक – दोन न तीन – चार न
खाली – खाली वर खाली – खाली वर

एकच्या आणि तीनच्या 'न'ला हात हवेतून वर जातो. हा पॅटर्न साधा आहे, पण हवेतला स्ट्रोक इथे पहिल्यांदा भेटतो. पाच मिनिटं नुसता हाच वाजवत राहा. हवेतून जाताना हात तारांपासून किती दूर जातो ते बघा. बोटभर अंतर पुरतं. काहींचा हात छातीपर्यंत उचलला जातो, मग परत यायला उशीर होतो.

आणि आता तो प्रसिद्ध मंत्र

'खाली, खाली-वर, वर-खाली-वर' हा आठ जागांवर मांडला की असा दिसतो:

एक – दोन न – न चार न
खाली – खाली वर – वर खाली वर

सहा स्ट्रोक आणि दोन रिकाम्या जागा. पहिली रिकामी जागा एकनंतरची, ती सोपी आहे. अडचण दुसरीत आहे: तीनच्या आकड्यावर हात तारांना लागत नाही. तीन ही जोरकस मात्रा. तिथे पाय जमिनीला टेकतो, तिथे काहीतरी वाजावं अशी शरीराची सगळी ओढ असते, आणि नेमकं तिथेच काही वाजवायचं नाही. मंत्र पाठ करणारा माणूस इथे काय करतो? 'दोन न'मधला वर मारून झाल्यावर मंत्रातला पुढचा शब्द पुन्हा 'वर' आहे. हात आधीच वर आहे, मग तो तिथेच थांबून राहतो, गोंधळतो, आणि मग कसाबसा खाली जाऊन पुन्हा वर येतो. हात थांबला त्या क्षणी घड्याळही थांबलं. माझी भाची आणि मी, दोघी नेमक्या इथेच अडत होतो.

मी तिला म्हटलं, "तीनला हात खाली जाऊ दे, फक्त तारांना लावू नकोस. आणि तोंडाने 'तीन' जोरात म्हण."

"पण मावशी, जिथे काही वाजतच नाही ते जोरात कशाला म्हणू?"

"हाताला कळायला हवं म्हणून."

तिने म्हणून पाहिलं. एक, दोन न, मग ठणठणीत 'तीन', हात तारांवरून हवेतून खाली गेला, आणि 'न'ला वर येताना आपोआप लागला. पाचव्या-सहाव्या फेरीत तिचे खांदे सैल पडले. जमलं की शरीरावर आधी ते असंच दिसतं, आवाजात थोडं नंतर येतं. मग तिने 'तीन' मनात म्हणायला सुरुवात केली.

हा पॅटर्न इतका लोकप्रिय का, याचं उत्तरही त्या रिकाम्या तीनमध्ये आहे. अपेक्षित जागी आवाज येत नाही आणि लगेच पुढच्या अर्ध्या मात्रेवर येतो, म्हणून ऐकणारा किंचित पुढे ओढला जातो. लयीला चाल येते ती अशा न वाजवलेल्या जागांमुळे. आठही जागा भरून टाकल्या तर सपाटी येते. नवख्यांना अधिक स्ट्रोक म्हणजे अधिक चांगलं असं वाटतं, मला नेमकं उलट वाटतं.

संथ लयीत हा पॅटर्न बिनचूक पाच मिनिटं वाजू लागला, की मेट्रोनोम पाच-पाचने वाढवत न्या. बिनचूक म्हणजे न थांबता. एखादी तार नीट वाजली नाही तर चालेल, हात थांबलेला चालणार नाही. आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका. वाजवताना कान कामात गुंतलेला असतो, नंतर ऐकताना तो मोकळा असतो. आपण चारनंतर दर वेळी थोडी घाई करतो, हे मला रेकॉर्डिंग ऐकेपर्यंत कळलंच नव्हतं.

कॉर्ड बदलताना

बहुतेकांचा खरा अडथळा इथेच असतो. डावा हात नव्या कॉर्डवर पोचेपर्यंत उजवा हात वाट पाहत उभा राहतो, आणि प्रत्येक बारच्या शेवटी गाण्याला खड्डा पडतो. उपाय ऐकायला उद्धट वाटेल: उजव्या हाताने डाव्यासाठी थांबायचंच नाही. कॉर्ड अर्धवट लागली तरी एकवर स्ट्रोक पडलाच पाहिजे. थप्प आवाज आला तर येऊ दे. डाव्या हाताला उजव्याच्या वेळेवर पोचायची सवय लागते, उलटी सवय मात्र लागू देऊ नका.

डाव्या हाताला वेळ मिळतो कुठून? चारच्या 'न'मधून. चारचा खालचा स्ट्रोक पडला की बोटं उचलायला लागा. 'न'चा वरचा स्ट्रोक मोकळ्या तारांवर पडेल. ऐकताना भीती वाटते, पण प्रत्यक्षात तो हलका, बारीक तारांवरचा, क्षणभराचा आवाज असतो आणि कानाला खटकत नाही. मुरलेले वादकही सर्रास हेच करतात. कुठल्याही चांगल्या स्ट्रमिंगमध्ये कॉर्ड बदलण्याच्या आधीचा तो अर्धा ठोका लक्ष देऊन ऐका, मोकळ्या तारा ऐकू येतील.

सरावासाठी ए मायनर आणि सी ही जोडी घ्या. ए मायनरमध्ये पहिलं बोट दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, दुसरं चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, तिसरं तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. सी करायची असेल तर फक्त तिसरं बोट उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्यायचं, बाकी दोन जागच्या जागी. दोन बोटं हलतच नाहीत, त्यामुळे मनाला उजव्या हाताकडे लक्ष द्यायला मोकळीक मिळते.

पुढे सगळी बोटं हलवाव्या लागणाऱ्या कॉर्ड येतील, तेव्हा एक बारकावा लक्षात ठेवा. खालचा स्ट्रोक जाड तारेपासून सुरू होतो, म्हणून जाड बाजूचं बोट आधी टेकवायला शिका. बहुतेकजण सवयीने पहिल्या बोटापासून सुरुवात करतात, म्हणजे बारीक बाजूकडून. जाड बाजूचं बोट आधी पोचलं तर बारीक बाजूच्या बोटांना निमिषभर जास्त वेळ मिळतो, आणि तो निमिष पुरतो.

कुठल्या तारा टाळायच्या हेही इथेच सांगते, कारण सगळ्या टाळण्या सारख्या महत्त्वाच्या नसतात. सी, ए मायनर आणि ए मेजर या कॉर्डमध्ये सहावी तार वाजवू नका असं सांगतात. पण मोकळी सहावी तार म्हणजे ई, आणि ई हा स्वर या तिन्ही कॉर्डमध्ये आहेच. चुकून लागली तर कॉर्डचा पाया थोडा डळमळतो, कानाला बोचत नाही. डी मेजरमध्ये मात्र डी, एफ शार्प आणि ए हे स्वर आहेत, ई त्यात नाही. तिथे सहावी तार लागली की खालून एक बेसूर घुमारा येतो. डीला स्ट्रोक चौथ्या तारेपासून सुरू करा. पाचवी लागली तरी हरकत नाही, ती ए आहे. लक्ष आधी डीवर द्या, बाकीच्या कॉर्ड हात मुरत जाईल तशा आपोआप स्वच्छ होतात.

जोर कुठे द्यायचा

एकच पॅटर्न दोन माणसं वाजवतात, एकाचा जिवंत वाटतो आणि दुसऱ्याचा नाही. फरक बहुतेक वेळा जोरात असतो. ड्रम्सचा सर्वसाधारण ठेका ऐका: एक आणि तीनला मोठा, खोल ठोका, दोन आणि चारला टणक, करकरीत ठोका. गिटारवर हेच करता येतं. एकला खालचा स्ट्रोक जाड बाजूच्या दोन-तीन तारांवरच थांबवा, दोनला आणि चारला बारीक तारांवर जरा ठसक्यात मारा. हाताची चाल तीच, आठ जागा त्याच, पण आता एकाच वाद्यात ढोलाचा खोल आणि टाळीचा टणक असे दोन आवाज बोलू लागतात. मंत्रातला पॅटर्न असा वाजवून पाहा. मला अजूनही दर वेळी आनंद होतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे दोन आणि चारला तळहाताची कड तारांवर टेकवत स्ट्रोक मारणं, म्हणजे सूर दाबला जाऊन नुसता 'चक्' उमटतो. घाई करू नका, आधीचं सगळं हाताला लागल्यावर हे आठवडाभरात येतं.

स्ट्रोक कुठे मारता यानेही रंग बदलतो. साउंडहोलवर (मधल्या गोल भोकावर) आवाज भरदार, ब्रिजकडे (तारा जिथे गिटारच्या अंगाला अडकवलेल्या असतात तिकडे) सरकलात तर धारदार, नेककडे (दांड्याकडे) गेलात तर मऊ.

बाकीचे ठेके

सगळी गाणी चार मात्रांची नसतात. तीन मात्रांचं असेल तर 'एक – दोन न तीन न', म्हणजे खाली, खाली-वर, खाली-वर, आणि एकवर जोर. सहाच्या झोक्यात चालणारं असेल तर सुरुवातीला सहाही खालचे स्ट्रोक मारा आणि पहिल्या व चौथ्यावर जोर द्या. दादऱ्याचा झोका कानात असलेल्यांना याला वेगळं शिकावं लागत नाही.

संथ गाण्यांत कधीकधी आठ जागा अपुऱ्या वाटतात, मधे फार हवा राहते. तिथे प्रत्येक मात्रेचे चार भाग करतात. पाय एकदा टेकतो तेवढ्यात हात दोनदा खाली-वर होतो. मोजायला 'तिरकिट' हा शब्द फार सोयीचा आहे: ति खाली, र वर, कि खाली, ट वर. तत्त्व तेच, फक्त लंबक दुप्पट वेगाने.

काही गाण्यांत अर्ध्या मात्रा सारख्या अंतरावर नसतात. 'न' थोडा उशिरा येतो, जणू मात्रेचे तीन भाग केले आणि 'न' तिसऱ्या भागावर ठेवला. याला स्विंग म्हणतात. लंगडीच्या ठेक्यासारखं ते ऐकू येतं. हे मोजून शिकू नका, गाण्याबरोबर हात हलवत राहा, हात त्या झोक्यात जातो.

एकसारख्या खाली-वर चालीलाही अपवाद आहेत, हे सांगायला हवं. रॉकमध्ये आठही जागी खालचाच स्ट्रोक मारायची पद्धत आहे, त्याने एकसंध, रेटून चालणारा आवाज येतो आणि हाताची कसोटी लागते. तिथे हात दुप्पट वेगाने वर परततो, इतकंच. खूप संथ गाण्यांत बारला एकच सावकाश स्ट्रोक मारतात, प्रत्येक तार सुटी ऐकू येईल असा. तिथेही मी आतल्या आत 'एक न दोन न' चालू ठेवते.

एखाद्या गाण्याचा पॅटर्न शोधायचा असेल तर लगेच गिटार हातात घेऊ नका. आधी ऐका. दोन आणि चारचा टणक ठोका पकडा, म्हणजे एक कुठे आहे ते कळेल. मग मांडीवर हात एकसारखा खाली-वर चालू करा आणि गिटार जिथे जिथे ऐकू येते तिथे तिथे बोटं घासू द्या. दोन-चार बारमध्ये आकार दिसायला लागतो. नंतर डाव्या हाताने तारा बंद ठेवून तो 'चक् चक्'वर वाजवा, मग एका कॉर्डवर, मग बदलत्या कॉर्डवर, आणि शेवटी गुणगुणत. पूर्ण शब्द गाण्याची घाई नको. शब्दांची वजनं आणि स्ट्रोकची वजनं वेगवेगळ्या जागी पडतात, त्यामुळे आधी नुसती चाल गुणगुणून हाताला आपली वाट धरू द्यावी लागते.

परवा भाची माझ्या शेजारी बसून कानात इअरफोन घालून काहीतरी ऐकत होती. मला गाणं ऐकू येत नव्हतं. तिचा हात मांडीवर खाली-वर चालला होता, दर बारला तीनच्या जागी मांडीपासून बोटभर सुटत होता आणि पुन्हा वर येताना लागत होता.